थांबण्याच्या शास्त्राचा प्रस्ताव

१४ जानेवारी, मंगळवार
पहाटे साडेपाचला कॉलेजचा दोन नंबरचा बॉयलर चालू केला. लायब्ररीच्या तळघरातला व्हॉल्व्ह बदलला. दुपारी डबाबंद सूप. बर्फ चार इंच.

घरी कॉलेजचं पत्र आलं होतं. इथल्या कर्मचाऱ्यांना दर सत्रात एक कोर्स फुकट करता येतो. अकरा वर्षं मी तो घेत आलोय. एकवीस कोर्स झाले. पत्रात म्हटलंय की चौदा मार्चपर्यंत मुख्य विषय जाहीर करा, नाहीतर जुने कोर्स एकेक करून बाद होतील.

माझ्या बायकोने, अर्डिसने, हे पत्र उभ्या उभ्या भरून परत पाठवलं असतं. ती सप्टेंबरात गेली. मी पदवी घ्यावी ही तिचीच कल्पना. माझा विरोध नव्हता एवढंच.

१५ जानेवारी
नियमपुस्तिका वाचली. पान ४१. कॉलेजातला कुठलाच विषय पुरेसा वाटत नसेल तर विद्यार्थी आपला मुख्य विषय स्वतः आखू शकतो. बारा कोर्स, निदान तीन विभागांतले. दोन वेगळ्या विभागांतल्या दोन प्राध्यापकांच्या सह्या. शेवटी एक पान लिहायचं: हा विषय मीच का घ्यावा. मग कमिटी.

विषय पंधरा मिनिटांत सुचला. थांबणं. रांगा, स्टेशनं, दवाखाने. जगातली निम्मी माणसं कुठल्याही क्षणी कशासाठी तरी थांबलेली असतात आणि त्यावर एकही विभाग नाही. इतकी उघड गोष्ट कुणाला दिसली कशी नाही याचं नवल वाटतं.

सप्टेंबरपर्यंत चौदा महिने, दर मंगळवारी, रुग्णालयातल्या थांबायच्या खोलीत बसत होतो. तिथे निरीक्षण झालं. बाकी विषयाचा अर्डिसशी संबंध नाही. निव्वळ शैक्षणिक.

संकल्प: महिनाअखेर दोन्ही सह्या.

१६ जानेवारी
ओडेलला सांगितलं. ओडेल बावीस वर्षं माझ्याबरोबर बॉयलरवर आहे. हसता हसता बादली उपडी करून तिच्यावर बसला. म्हणाला, तू आणि थांबणं? अरे लेका, सिग्नल लाल असतानाच तुझी गाडी इंच इंच पुढे सरकत असते. मागच्या वर्षी चर्चमध्ये पाद्री आमेन म्हणायच्या आत तू कोट घातला होतास.

मी मुळात शांत माणूस आहे. ओडेलला शिक्षणाची आवड नाही.

२१ जानेवारी, मंगळवार
सुट्टी घेतली नाही. आता मंगळवारी सुट्टी घ्यायचं कारण नाही, तरी दुपारी दोनदा घड्याळ पाहिलं.

यादी तयार. गणितातून रांगांचं शास्त्र. मानसशास्त्रातून वेळेची जाणीव. कलाविभागातून सार्वजनिक इमारती, कारण थांबायच्या खोल्या तिथेच असतात. धर्मविभागातून मठात राहणारी माणसं. जीवशास्त्रातून हिवाळाभर झोपणारे प्राणी. इतिहासातून रेल्वे. असे बारा. उत्तम जमलेत.

खुर्च्यांवर एखादा कोर्स हवा होता. मिळाला नाही. रुग्णालयातल्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या असतात. शेजारचा रडायला लागला की आपली खुर्चीही हलते. यावर कुणी काही लिहिलेलं दिसत नाही.

२८ जानेवारी
गणिताच्या प्रोफेसर हॅवरकॅम्पांकडे गेलो. विद्यार्थ्यांना भेटायची त्यांची वेळ दोन ते तीन. दार वाजवलं. म्हणाले, आलात एकदाचे, गेल्या गुरुवारपासून फुरफुरतोय. खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरबद्दल बोलत होते. हवा काढली. एक नट बदलला. तोवर तीन वाजले. बाहेर पडताना म्हणाले, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हे कॉलेज चालतंय. कागद खिशातच राहिला.

३० जानेवारी
पुन्हा गेलो. या वेळी कागद हातात धरून दार वाजवलं. हॅवरकॅम्पांनी नीट वाचला. म्हणाले, कल्पना झकास आहे, वेंडेल. पण रांगांच्या शास्त्राआधी संभाव्यता करावी लागते. तिच्याआधी कॅलक्युलसचा दुसरा भाग. पहिला झालाय तुमचा? झालाय म्हटलं, नऊ वर्षांपूर्वी. ग्रेड काय? सी. मग पहिला पुन्हा केलेला बरा, म्हणाले. हे तीन घातले की सही करतो.

घातले. पंधरा झाले. बारा पाहिजेत. किरकोळ अडचण.

६ फेब्रुवारी
मानसशास्त्राच्या प्रोफेसर टिल्डन. माझ्या मुलीपेक्षा लहान. आधी बसायला सांगितलं, मग विचारलं, कसे आहात. बरा आहे म्हटलं. घरी कोण असतं? मी विचारलं, रेडिएटर नीट चालतोय ना. चालतोय म्हणाल्या. तरी पाहिला. खरंच नीट होता.

त्यांना संख्याशास्त्र हवं आणि संशोधन-पद्धतीचे दोन भाग हवेत. त्याशिवाय विभाग सही करू देत नाही. वर म्हणाल्या, शेवटचं पान कोरं आहे तुमचं, कमिटी तेच आधी वाचते. म्हटलं, लिहीन सवडीने.

१० फेब्रुवारी
सार्वजनिक इमारतींच्या आधी चित्रकला करावी लागते. म्हणजे एकोणीस. माझ्या सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात मी एकदाच चित्र काढलंय, विम्याच्या लोकांसाठी, गाड्या कशा आदळल्या त्याचं.

हे लोक प्रत्येक गोष्टीच्या आधी दुसरी गोष्ट ठेवतात. दाराच्या आधी दार. चिडलो नाही. ओडेल म्हणाला, मग मघाशी तो पाना भिंतीवर कुणी फेकला.

१५ फेब्रुवारी, शनिवार
क्रिस्टाचा ओमाहाहून फोन. शनिवारी सकाळी मुलीचा फोन येतोच. आधी पाच मिनिटं हवामान. मग म्हणाली, बाबा, हे सगळं आईसाठी चाललंय का? मी म्हटलं, हे गणित आहे. ती म्हणाली, आई असती तर म्हणाली असती, वेंडेल, मुकाट्याने मानसशास्त्र घे आणि जेवायला ये. अगदी अर्डिससारखं म्हणाली. मग तिने विचारलं, आईचे कपडे दिलेस का रे कुणाला? यादी पूर्ण झाल्यावर देतो म्हटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
यादी कापायला बसलो. एकोणीसचे बारा करायचे. प्राध्यापकांचे हट्टाचे कोर्स ठेवले, कारण सह्या हव्यात. धर्म गेला. प्राणी गेले. रेल्वे गेली. रांगांचं शास्त्र तीन वर्षांतून एकदाच शिकवतात आणि गेल्या शरद-सत्रात होऊन गेलं, म्हणून तेही काढावं लागलं. वेळेची जाणीव शिकवणारे गृहस्थ निवृत्त झालेत.

उरलेलं वाचून पाहिलं. कॅलक्युलस दोनदा, संभाव्यता, संख्याशास्त्र, पद्धती एक, पद्धती दोन, चित्रकला. सगळीकडे नुसती तयारी. कुणी कुठे थांबतच नाही.

पण शास्त्राचा पाया असाच असतो. एकंदरीत समाधानी आहे.

३ मार्च, सोमवार
दोन्ही सह्या मिळाल्या. महिनाअखेरच म्हणालो होतो, महिना ठरवला नव्हता. नोंदणी ऑफिसात ग्लेनिसकडे अर्ज दिला. ग्लेनिस तिथे माझ्याही आधीपासून आहे. ती पानं मोजते आणि मोजता मोजता वाचते. शेवटच्या पानावर थांबली. मोठ्याने वाचलं: या विषयात मला रस आहे. मग कागद उलटा करून मागे पाहिलं. म्हणाली, बस? वेंडेल, कुत्र्याचं लायसन काढताना मी याहून जास्त लिहिलं होतं. म्हटलं, जे आहे ते आहे. ती चष्म्यावरून बघत राहिली. म्हणाली, अर्डिसने तुला हे असं देऊ दिलं नसतं.

शिक्का मारला मात्र.

११ मार्च, मंगळवार
कमिटी. चार माणसं, त्यांत हॅवरकॅम्प आणि टिल्डन. अंत्यविधीला घेतलेला कोट घातला, दुसरा नाही. प्रश्न सोपे होते. हॅवरकॅम्पांनी माझी बाजू जोरात मांडली. म्हणाले, हा माणूस अकरा वर्षं पहाटे पाचला उठून शिकतोय. अध्यक्षबाईंनी विचारलं, पण हाच विषय का? म्हटलं, शैक्षणिक कारणं आहेत. बरं म्हणाल्या. मग रीतीप्रमाणे मला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. चर्चा झाली की आत बोलावून निकाल सांगतात.

बसलो. दहा मिनिटं झाली. खाली कुठेतरी पाइप ठोकायला लागला. वाफेच्या वाटेत पाणी साचलं की तसा आवाज येतो, कुणी आतून हातोडा मारत असल्यासारखा. जाणारे येणारे ऐकत होते आणि जात होते. मी पाच मिनिटं सहन केलं. आणखी पाच. असला आवाज फार काळ राहिला तर जोड सुटतो. माझ्याशिवाय कुणाला ते कळणार नव्हतं. खाली गेलो. पाइपातलं पाणी काढून टाकणारा सापळा तुंबला होता. साफ केला. आवाज गेला.

वर आलो तेव्हा दार उघडं होतं आणि खोली रिकामी.

१२ मार्च
प्रोफेसर टिल्डन स्वतः बॉयलर-घरात आल्या. तिथे कधी कुणी प्राध्यापक येत नाही. ओडेलने त्यांना आपली बादली दिली. त्या बसल्या नाहीत.

म्हणाल्या, तिघं अनुकूल होते. एकच प्रश्न उरला होता, तो विचारायला दार उघडलं तर बाक रिकामा. मग कुणीतरी म्हणालं, थांबण्यात पदवी मागणारा माणूस अर्धा तासही थांबला नाही. सगळे हसले. वाईट वाटून हसले, म्हणाल्या. पुढची बैठक ऑक्टोबरात. तोवर थांबाल का? जुने कोर्स बाद होणार नाहीत असं मी बघते.

मी पाइपचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ते कळवून जाता आलं असतं ना.

प्रश्न काय होता ते विचारलं. शेवटच्या पानाबद्दल होता. मीच का.

त्या गेल्यावर ओडेल स्वतःच बादलीवर बसला. मग म्हणाला, पाइप ठोकत होता तर तू मला फोन का नाही केलास, गाढवा? मी इथेच होतो.

रात्रीचं जेवण नाही. प्रश्नाचं उत्तर इथे लिहितो. कुणाला द्यायचं नाही.

सतरा सप्टेंबरला मंगळवार होता. मला थांबायच्या खोलीत बसवलं होतं. नर्स म्हणाली, अर्धा तास, मग आत या. तिथला रेडिएटर ठोकत होता. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच वाफ सोडली होती. मी दोनदा सांगितलं. कुणी आलं नाही. तो आवाज अर्डिसच्या खोलीपर्यंत जात असेल असं मला वाटलं. म्हणून तळघरात उतरलो, तिथला माणूस शोधला, त्याच्याबरोबर व्हॉल्व्ह उघडला. चाळीस मिनिटं लागली. काम चोख झालं. वर आलो तेव्हा नर्स म्हणाली, तुम्हाला दोनदा बोलवायला आले होते मी.

शेवटी अर्डिस कुणाकडे बघत होती ते मला माहीत नाही. नर्स म्हणाली, दाराकडे. नर्सने असं बोलायला नको होतं. पण मीच विचारलं होतं.

तेरा महिने आणि तीन आठवडे मी नीट बसलो होतो. हे कुठल्याच कागदावर लिहिता येत नाही.

१४ मार्च, शुक्रवार
पहाटे बॉयलर. ग्रंथालयात दोन रेडिएटर. जेवायच्या सुट्टीत नोंदणी ऑफिस. ऑक्टोबरपर्यंत थांबणार नाही म्हणून सांगितलं. ग्लेनिसने साधा, एका पानाचा फॉर्म दिला. विषयांच्या यादीत मानसशास्त्राला खूण केली. कारण लिहायला जागाच नव्हती. तीन मिनिटांत झालं. ग्लेनिस म्हणाली, हे जानेवारीत केलं असतंस तर. मग माझ्या हातावर हात ठेवला. मी पेन परत दिलं. पहिला कोर्स संख्याशास्त्र, सोमवारी सकाळी आठला. ओडेलशी पाळी बदलून घेतली.

सहाला घरी. अंडं उकडायला ठेवलं. सात मिनिटं लागतात. पाचव्या मिनिटाला काढलं. बलक पातळ होता. भांड्यापाशी उभ्यानेच चमच्याने खाल्लं, आणि चमचा धुऊन ठेवला.