आठ तास आरामात

जुळे सोलापूर
२७ जुलै २०२४

ती. प्रियंका वहिनींना,
शिवराजचा नमस्कार.

तुम्ही माहेरी सुखरूप पोचलात हे वैष्णवीकडून कळलं. इकडे आम्ही ठीक आहोत. रेश्माची कंबर धरलीय, तरी शाळेत शिकवायला जाते. तुम्हाला तीनदा फोन लावला, तुम्ही उचलला नाही, म्हणून पत्र. शाळा सुटल्यापासून पत्र कधी लिहिलं नाही, बिलाच्या पाठीवर आकडेमोड तेवढी करतो. तेव्हा अक्षराला हसू नका.

आबांच्या तेराव्याला जेवणं व्यवस्थित झाली. तुम्ही त्याच संध्याकाळी निघून गेलात हे मला नंतर कळलं. दादा चार लोकांत तुम्हाला जे बोलला ते चुकलंच. आबा गेले तीच वैष्णवीच्या प्रवेशाची शेवटची तारीख, पालकाची सही पाहिजे, दादा ट्रॅक्टर घेऊन माळशिरसला. मग अकलूजला तुम्ही नाही जाणार तर कोण? त्याचा राग दुःखाचा आहे, निवळेल.

माझ्या बॅटरी-इन्व्हर्टरच्या धंद्यातलं सांगतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर राहणार नाही. बॅटरीवर दीडशे अँपिअर लिहिलेलं असतं. त्याला बारा व्होल्टनं गुणायचं, अठराशे येतात. इन्व्हर्टर आपला वाटा खातो, तेव्हा हाती चौदाशे धरायचे. जे चालवायचं त्याच्या वॅटनं भागलं की तास निघतात. पण हे नव्या बॅटरीचं. लाईट गेल्यावर आबांची मशीन ज्यावर होती ती आपली बॅटरी तीन वर्षांची, थकलेली. त्यात पाणी आटलं की ती कधी मान टाकेल याचा नेम नसतो. पाणी दर दोन महिन्यांनी बघायचं असतं, मी सांगितलं होतं. घरच्या रगाड्यात राहून जातं, तुम्हाला दोष देत नाही. दोष कुणाचाच नाही. आबांचं वय झालं होतं.

दादाशी मी बोलेन. तब्येतीला जपा.

आपला,
शिवराज


जुळे सोलापूर
१२ ऑगस्ट २०२४

ती. प्रियंका वहिनींना,
नमस्कार लिहायचा धीर होत नाही, पण लिहितो.

तुमचं पत्र मिळालं. वहीच्या पानावर दोनच ओळी. ‘भावजी, पाणी मी भरलं हुतं. फोनवर आपलं काय बोलणं झालं ते तुमाला ठावं हाय.’ मी ते दुकानात उघडलं. आमचे मालक चन्नप्पा समोरच होते, त्यांनी विचारलं काय झालं, मी म्हणालो काही नाही. अलीकडे मी हे फार सहज म्हणायला लागलोय.

पाणी तुम्ही भरलं होतं. मला माहीत होतं. माती देऊन आलो त्या दुपारी मी बॅटरीपाशी बसलो होतो तेव्हा सहाही भोकांतले पाण्याची पातळी दाखवणारे दांडे वर होते, हिरव्या खुणेवर. कुणीतरी वेळच्या वेळी पाणी घातलं होतं, आणि त्या घरात ते तुमच्याशिवाय कोण घालणार? तेवढ्यात दादा ओरडला, ‘म्हातारं एकलं तडफडून मेलं आन् तू अकलूजला हिंडत हुतीस.’ तुम्ही म्हणालात, ‘भावजींना इचारून गेले.’ सगळी बैठक माझ्याकडे बघायला लागली. मी दांड्यांकडे बघत म्हणालो, ‘पाणी आटलंय.’ तेवढे दोन शब्द. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत आणि पदर ओढून आत गेलात. पंधरा दिवसांनी तेच खोटं मी तुम्हाला कागदावर लिहून पाठवलं, वर तुम्हाला माफही केलं. माझी मलाच किळस येते.

आता फोनचं. आबा जायच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी तुमचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या माळ्यावर वायर ओढत होतो. तुम्ही विचारलंत, ‘उद्या नऊ ते पाच लाईट न्हाय. आबांची मशीन बॅटरीवर किती वेळ चालंल?’ मला असा प्रश्न दिवसातून दहादा कुणीतरी विचारतं. वर बघितलं की उत्तर येतं. मशीन शंभर वॅट, पंखा सत्तर. ‘आठ तास आरामात,’ मी म्हणालो. गिऱ्हाईक ऐकत होतं, त्याच्यावर छाप पडली हेही मला आवडलं.

वहिनी, मी हिशोब केला तो वाफेच्या मशीनचा. दोन वर्षांपूर्वी मीच आणून दिलेली ती छोटी मशीन. आबांना फेब्रुवारीपासून ऑक्सिजनची मशीन लागलीय, ती उशाशी रात्रंदिवस चालते, हे मला माहीतच नव्हतं. दादा तेव्हा फोनवर म्हणाला होता, ‘आबांना मशीन लावलीया.’ मी म्हणालो, बरं झालं. कसली, कशासाठी, हे विचारलं नाही. दिवाळीनंतर मी गावाकडे आलोच नाही. जुळे सोलापूर ते वेळापूर काय परदेश आहे? आबांशी बोलायचो तर ते दोन शब्दांत म्हणायचे, ‘दम लागतुया, ठेव.’ मी ठेवायचो. खरं सांगू, सुटल्यासारखं वाटायचं.

वाफेची मशीन दहा मिनिटं लावतात. ती आठ तास चालेल का असं कोण विचारेल? हे शेंबड्या पोराला कळलं असतं, मला कळलं नाही. मी फोन कधी संपतो याची वाट बघत होतो.

ती मशीन मी पहिल्यांदा बघितली ती माती देऊन आल्यावर, कोपऱ्यात, नळी गुंडाळलेली. मागच्या पट्टीवर साडेतीनशे वॅट. पंखा धरून चारशे वीस. नव्या बॅटरीवर सव्वातीन तास, आपल्या बॅटरीवर अडीच. नऊला लाईट गेली म्हणजे साडेअकरा. तानाबाई अकरापर्यंत आबांजवळ होत्या, मग जनावरांना वैरण टाकायला शेजारी आपल्या घरी गेल्या. संध्याकाळपर्यंत काळजी नाही असं तुम्ही त्यांना सांगितलं होतं, कारण तुम्हाला मी सांगितलं होतं. त्या साडेबाराला परत आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. तुम्ही दोनला आलात.

काल रविवारी मी वेळापूरला गेलो. दादाला सगळं सांगितलं. पाण्याचं खोटं, मशीनची चूक, मी आलो नाही ते. तो दाव्याला पीळ देत बसला होता. मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाला, ‘तुजं तू बघ. पर सिलिंडर भरल्याला दाराआड हुता. लाईट जाती म्हनूनच ठेवला हुता. त्यो तरी तानाबाईला दाखवून जायाचं का न्हाय तिनं? त्याला काय बॅटरी लागतीया?’

घरात ऑक्सिजनचा सिलिंडर आहे हे मी त्याच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी तसाच तानाबाईंकडे गेलो. त्या गोठ्यात होत्या. म्हणाल्या, ‘उघडायचा कसा ते दाखवनार हुती की प्रियंका. मग म्हनली, ऱ्हाऊ द्या, भावजी म्हनलं सिलिंडरला हात लावायचा न्हाय.’

मला आठवलं. फोन ठेवता ठेवता तुम्ही विचारलं होतंत, ‘आन् सिलिंडर?’ आणि मी गॅसचा समजलो. स्वयंपाकघरातला. मी म्हणालो, ‘तो बंदच ठेवा. घरात माणूस नसताना चालू ठेवू नये.’ वर मोठ्या शहाण्यासारखं, ‘नुसता धोका.’ तुम्ही म्हणालात, ‘बरं.’

तुम्ही एवढे दिवस हे कुणाला सांगितलं नाही. का, ते मला कळत नाही. कदाचित सांगितलंही असेल आणि कुणी ऐकलं नसेल.

तिथून दादाकडे परत जायला पाहिजे होतं. पन्नास पावलं होती. मी स्टँडवर गेलो आणि सोलापूरची एसटी धरली. तोंडानं सांगायला जमलं नाही, म्हणून कागदावर लिहितोय. हे तुमच्याजवळ ठेवा. दादाला द्या, तुमच्या भावांना वाचून दाखवा, बैठक बसली तर बैठकीत ठेवा. वेळापूरला परत जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी जा म्हणणार नाही आणि जाऊ नका असंही म्हणणार नाही. माझ्या सांगण्यावर आता तुम्ही काही करू नका.

आबांचा श्वास दाराआड भरून ठेवलेला असताना तो बंद ठेवा म्हणून सांगणारा,
शिवराज आबासाहेब,
तुमचा धाकटा दीर