जिभेचे चोचले

ती. आईस,
नमस्कार.

मी बरी आहे. खोलीत ऊन येतं, काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

औषधांच्या कारखान्यात मला बढती मिळाली. झालं असं, की साहेबांनी सगळ्यांच्या जिभेवर कसल्याशा द्रावणात बुडवून वाळवलेली कागदाची एकेक पट्टी ठेवली. शेजारची म्हणाली, "नुसता कागद तर आहे!" मी मात्र थुंकायला बेसिनकडे धावले. साहेब म्हणाले, काहींना जन्मापासूनच कडू फार लागतं. आता मुलांच्या औषधांची चव मीच बघते.

म्हणजे आई, ते जिभेचे चोचले नव्हते. पालेभाजी संपेपर्यंत तू मला ताटावरून उठू द्यायची नाहीस. ताई मिटक्या मारत खायची आणि तू म्हणायचीस, "हिच्याकडून शीक." एकाच पोटच्या आम्ही, पण जिभा वेगळ्या. थंडगार झालेली ती भाजी मी रडत गिळायचे. अजूनही, कुणी ताटात बघू नये म्हणून, भिंतीकडे तोंड करून जेवते.

दादाने लिहिलंय, त्याची छकुली हल्ली तासन्‌तास ताटासमोर बसून असते. वहिनी तुला घाबरून गप्प राहते.

तिचं ताट उचल, आई. माझं कधी उचललं नाहीस.

तुझी,
धाकटी