सापळ्यात शून्य पतंग

९ डिसेंबर
फॉर्म आले. गावातल्या वांगी गटाला ‘हिरवं पान’ द्यायचं की नाही, त्याचे गुण मी भरायचे. पास होईल त्याच्या वांग्यांवर पानाचा स्टिकर, माल नागपूरच्या दुकानांत. अकरा शेतं. त्यांत बाबांचंही. भंडाऱ्याच्या ऑफिसातल्या सरांना विचारलं, घरच्या शेताची तपासणी मी कशी करू? म्हणाले, “गावात दुसरी कृषी पदवीधर आहे का?”
नाही. आमच्या घरात तर मीच पहिली. बाबा पानठेल्यावर सांगून आले, पोरगी साहेब झाली.

११ डिसेंबर
सुमनकाकूंचं शेत, तलावाच्या पाळीखालचं. सापळ्याच्या तळाशी मेलेले पतंग, वांगी पोखरणाऱ्या अळीचेच. वहीत दर आठवड्याची मोजणी. आकडा मर्यादेच्या वर गेला तेव्हा आधी निंबोळी अर्क, तरी आटोपेना म्हणून एकदाच औषध. कोणतं, कधी, नंतर किती दिवस तोडणी बंद, सगळं लिहिलेलं. मी बांधावर बसून शिकवलं होतं, हुबेहूब तसं.
फॉर्म: रासायनिक फवारणी – होय. गुण शून्य. सापळ्यात पतंग – आढळले. गुण शून्य.
“पास झाली ना व मी?”
बघते म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

१२ डिसेंबर
आणखी नऊ शेतं. नऊ वह्या. पतंग ०, ०, ०. फवारणी नाही. सापळे आत्ताच दुकानातून आणल्यासारखे. वांग्याला एक भोक नाही. नऊही पास, पूर्ण गुण.
आनंद व्हायला हवा होता.
सरांना फोन. म्हटलं, एकात्मिक कीड नियंत्रण म्हणजे कीड मोजायची नि गरज पडली तरच मारायचं, काकूंनी तेच केलंय. सर: “गिऱ्हाइकाला एवढंच कळतं, मारलं की नाही मारलं.”

१४ डिसेंबर
आज आमचं शेत. बाबांना न सांगता सकाळीच गेले. वहीत शून्य. सापळा उघडला, तर आत पतंगांना ओढणारी वासाची गोळीच नाही.
“बाबा, गोळी कुठंय?”
“हाय ना. जपून ठेवली.”
मला घरी आणून बाबांनी पेटी उघडली. माझ्या पदवीच्या कागदाजवळ, पाकीट न फोडलेलं.
“फोडली असती त वास उडून गेला असता. तपासणीच्या दिशी लावीन म्हणलं. तू आज येऊन राहिली हे सांगितलंच नाही. बाकीच्यायनं बराबर त्याच दिशी लावली. मीच सांगून ठेवलं होतं साऱ्यायले.” केवढा अभिमान.
“आणि अळी?”
“दर आठ दिवसानं मारतो ना औषध. समदेच मारतेत. ते कायले लिवाचं? तुह्या नावाले बट्टा लागन.”
गोळी लावली की तिचा वास उडत जातो, उडण्यासाठीच असते ती, हे मी सांगितलं होतं का? आठवत नाही.

१५ डिसेंबर
नियम पुन्हा वाचला. एक वही खोटी निघाली तर सगळा गट बाद.
खरं लिहिलं तर कोणालाच पान नाही, आणि गावात पुन्हा कोणी वही धरणार नाही. गप्प बसले तर दहा जणांना पान, फक्त जिनं खरं लिहिलं ती बाहेर. काकू दोन्हीकडून नापास. याच्यासाठी शिकले?

१६ डिसेंबर
उद्या फॉर्म भंडाऱ्याला द्यायचे. सही बाकी.
दुपारी बाबा टोपलीत वांगी घेऊन आले. आमची नव्हेत.
“सुमनकडची हायेत. घरी खायले तिचीच बरी.”
“त्यांनीही मारलं होतं, बाबा.”
“हाव, पन केव्हा मारलं ते मालूम हाय ना. लिवून हाय तिच्या वहीत.”
आई चिरायला बसली. एका वांग्यात अळी निघाली. तेवढा तुकडा टाकला नि पुढं चिरत राहिली. मी बाबांकडे बघत होते. त्यांना कशाचंच काही वाटलं नाही.
दहा फॉर्मवर पूर्ण गुण. एकावर दोन शून्यं. पेन उघडून बसलेय, आणि कुंपणापलीकडून काकूंची हाक येतेय,
“बाई, लागन ना व माह्या वांग्याले पान?”
सही तशीच ठेवून उठते.