मोकळं ठेवलेलं टोक

प्रिय फ्यूज,

आता तू वीज कंपनीत साहेब झालास, तुझ्या हाताखाली चार माणसं आहेत, तरी माझ्या तोंडात हेच नाव येतं. लगेच उडतोस म्हणून बाबांनी ठेवलेलं. ठेवणारा स्वतः किती लवकर उडतो, हे त्यांना सांगायची मात्र घरात कुणाची छाती झाली नाही. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण बाबांचा विषय निघाला की तुझ्याकडे नेमकं कुणीतरी दार वाजवतं. कागदाशी तुला तसं करता येणार नाही. तेव्हा बस, आणि शेवटपर्यंत वाच.

तुझ्या कंपनीने आपल्या गल्लीत नवी केबल टाकली, हे तुला माहीत असेलच. सगळा रस्ता उकरला होता, आई फळीवरून तोल सांभाळत भाजीला जायची. काम झाल्यावर प्रत्येकाच्या मीटरखाली कंपनीने एक पितळी टर्मिनल बसवलं. घरच्या अर्थिंगची तार त्याला जोडायची, की परसातल्या खड्ड्याची कटकट संपली. शेजारच्यांनी दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलावून जोडून टाकलं. आपल्याकडे काय झालं असेल ते तू ओळखलंच असशील. बाबा म्हणाले, “आपल्या घराची जमीन आपल्या घरापाशी. दुसऱ्याच्या तारेवर मी माझी माणसं टांगणार नाही.”

तो खड्डा आठवतो ना? घर बांधताना बाबांनी स्वतः खणलेला, आपल्या दोघांच्या उंचीहून खोल. तांब्याची प्लेट ठेवून ते कोळसा आणि मिठाचे थर देत होते, आपण वरून टोपल्या देत होतो, आणि तू येता-जाता मीठ चाटत होतास. आईने पाहिलं तेव्हा मार मात्र मला बसला, मोठी म्हणून. तेव्हापासून उन्हाळ्यात संध्याकाळी एक बादली पाणी त्या खड्ड्याला, हा बाबांचा नेम. माती ओली असेल तरच ती वीज पोटात घेते, म्हणायचे. आई चिडून म्हणायची की माझ्या कुंड्या वाळून गेल्या तरी चालतील, ह्यांचा खड्डा तहानलेला राहता कामा नये. बाबांचे गुडघे धरले, तरी बादली काही सुटली नाही. अर्धीच भरतात आणि दोनदा जातात.

आणि ते भांडण. ते मी उगाळायला बसलेले नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मागची न्हाणी नवी केली ती बघायला तू आला होतास. आई तुला हळूच म्हणाली की हल्ली नळाला हात लावला की मुंग्या येतात. तू बॅगेतून कंपनीचं मीटर काढलंस आणि म्हणालास, अर्थिंग मोजून बघतो. तुझं चुकलं नव्हतं, पण ज्या माणसाने अर्ध्या गावाचं वायरिंग केलं त्याच्या घरात, त्याच्यासमोर! वर तू म्हणालास की हे जुने खड्डे आता भंगारात जाणार, सगळं कंपनीला जोडायचे दिवस येतील. बाबांनी ते मीटर उचलून अंगणात ठेवलं आणि म्हणाले, “मुलगा म्हणून येणार असशील तर ये. कंपनीचा माणूस म्हणून ह्या घरात पाय ठेवायचा नाही.” तू त्याच पावली निघालास. आईने वाढलेलं ताट तसंच राहिलं. त्यानंतर तू पैसे पाठवलेस, औषधं पाठवलीस, आईला स्वेटर पाठवलास, पण स्वतः आला नाहीस. आईच्या मुंग्यांचं बाबांनी एकच उत्तर ठरवून टाकलं होतं: वय झालं, रक्त फिरत नाही.

तर आता बातमी. टर्मिनल न जोडणारं गल्लीत आपलं एकच घर उरलं, म्हणून कंपनीच्या एक बाई तपासणीला आल्या. तुझ्यापेक्षा लहान असतील, बोलायला गोड, पण हटायला तयार नाहीत. जोडायची सक्ती नाही म्हणाल्या, पण तुमचं अर्थिंग चांगलं आहे एवढं मला बघू द्या. काय मनात आलं कोण जाणे, बाबा म्हणाले, बघा. बाईंनी मोजलं. पुन्हा मोजलं. मग म्हणाल्या, “काका, इथे अर्थिंग लागतच नाहीये.” बाबा हसले. तुमचं मीटर बिघडलंय म्हणाले, आणि आपला जुना टेस्ट लॅम्प घेऊन आले. एक टोक फेजला, दुसरं अर्थिंगला. दिवा लागला नाही. त्यांनी बल्ब काढून फुंकला, कानाशी हलवून पाहिला, परत लावला. तरी लागला नाही. बाबांचा चेहरा मला बघवेना.

मग त्यांनी कुदळ घेतली. आम्ही नको नको म्हणत असताना भिंतीच्या कडेने तारेचा माग काढत खणत गेले. नव्या न्हाणीच्या पायरीखाली तार संपली. गवंड्याच्या आड आली असणार, त्याने ती कापली, टोक नीट आत वळवलं आणि वरून सिमेंट लिंपलं. म्हणजे न्हाणी झाली त्या दिवसापासून आपल्या घराला अर्थिंगच नव्हतं, आणि बाबा रोज संध्याकाळी ज्या खड्ड्याला पाणी घालत होते, तो कशालाच जोडलेला नव्हता. ते पायरीवर बसून राहिले. आईने चहा आणून दिला. मला वाटलं, ही काही बोलणार नाही, केवढं मन! चहा संपेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, “रक्त फिरतंय हो माझं.” बाबांनी तिचा हात धरला. सगळ्यांसमोर, त्या बाईंच्यासुद्धा. आपण कधी पाहिलंय का रे असं? मी आत जाऊन रडले.

कापलेली तार सांधत बसायचं नाही, घर कंपनीच्या टर्मिनललाच जोडायचं, असं स्वतःच ठरवून दुसऱ्या दिवशीपासून बाबा कामाला लागले. गीझर आणि वॉशिंग मशीन बंद, आई पाणी गॅसवर तापवते. वीज गळली की आपोआप पडेल असा स्विच मेनपाशी लावला, पण तो टेकू आहे, भिंत नाही, असं तेच म्हणतात. मग पाण्याचा पाइप, गॅसचा पाइप, सगळ्यांना पट्टे लावून जाड हिरवी-पिवळी तार मीटरपर्यंत आणली. बाई येऊन बघून गेल्या. बाबांनी त्यांना विचारलं, रस्त्यातली परतीची, न्यूट्रलची तार तुटली तर तुमच्या टर्मिनलमधून वीज माझ्या नळात येईल, त्याचं काय? बाई म्हणाल्या की ती भीती खरी आहे. म्हणूनच पाइप एकत्र बांधायचे, म्हणजे सगळ्यांत वीज सारखीच राहते आणि घरात हात लावणाऱ्याला झटका बसत नाही, आणि परसात ओल्या मातीवर उभ्या असलेल्या शेडला हे टर्मिनल द्यायचं नाही, तिचं अर्थिंग वेगळंच ठेवायचं. तेव्हा साहेब, खड्डा भंगारात गेलेला नाही. तो आता शेडला जोडलाय, आणि बादली चालू आहे. तुझंही खरं निघालं, त्यांचंही. आता दोघांनीही नाक खाली घ्यायला हरकत नाही.

सगळं झालंय, फक्त तारेचं शेवटचं टोक टर्मिनलला आवळायचं राहिलंय. नट फिरवायचं काम, मीसुद्धा केलं असतं. बाबा हात लावू देत नाहीत. त्यांचा एक वायरमन मित्र आला, त्यालाही चहा पाजून परत पाठवलं. मी संतापले, आईच्या जिवाशी कसले खेळ चाललेत म्हणून. तेव्हा खाली बघत म्हणाले, “त्या दिवशी त्याला मोजू दिलं असतं, तर हिला इतकी वर्षं झटके बसले नसते. ते टोक त्याने जोडायचं.” आणि थोड्या वेळाने, “त्याला लिही. पण मी सांगितलं म्हणून लिहू नकोस.” तेव्हा हे मी माझ्या मनाने लिहितेय, कळलं? पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारपर्यंत थांबेन, त्यानंतर मी स्वतः नट आवळणार, मग बाबांनी घर डोक्यावर घेतलं तरी चालेल. येताना तुझं मीटर घेऊन ये. कंपनीचंच आण. ते अंगणात नाही, घरात ठेवायचं, असं त्यांनी मला दोनदा बजावलंय.

तुझीच,
ताई