डोंगरवाटेवरच्या शेवटच्या जागेची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, तांत्रिक शिक्षण संस्थेतून यंत्रशास्त्राची शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वहस्ते, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमचे दंतवैद्य मित्र तो दाखला द्यायला उत्सुक होते. परंतु त्यांचा अधिकार जबड्याच्या वर जात नाही, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. संबंधितांची पूर्ण नावे व पत्ते पुरवणीत आहेत. या कागदात मी माणसांना रोज जशी ओळखते, तसाच त्यांचा उल्लेख करणार आहे.

कलम १. अकरा वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मोटारसायकल "मिळेल त्या गिऱ्हाइकास" विकावी असे एक वाक्य होते. ते वाक्य मी लिहिले, याचे मला आज आश्चर्य वाटते.

कलम २. राहते घर माझ्या एकुलत्या मुलास मिळावे. तो इमारतींमधील लिफ्टच्या सुरक्षिततेची तपासणी करतो आणि घराचीही तशीच करील, याविषयी मला शंका नाही. अपवाद फक्त मागच्या पत्र्याच्या खोलीचा. ती खोली माझी सून वापरील आणि तिथे गाद्या, जुने पंखे, रद्दी यांपैकी काहीही शिरणार नाही. त्या खोलीच्या भिंतीवर माझ्या दिवंगत पतींनी प्रत्येक पान्याची बाह्याकृती काळ्या रंगाने काढून ठेवली आहे, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते दारातूनच कळते. स्वतः त्यांनी आयुष्यात एकही नट पिळला नाही. भिंत रंगवायची झाल्यास ती आकृत्या सोडून रंगवावी.

कलम ३. बँकेतील ठेवींपैकी निम्म्या मुलास व निम्म्या माझ्या जुन्या संस्थेच्या कर्मशाळेस द्याव्यात. याच कर्मशाळेच्या भंगारातून, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मी माझी पहिली मोटारसायकल पोत्यांतून सुट्या भागांच्या रूपाने घरी आणली आणि चार महिन्यांत उभी केली. प्राचार्यांनी विचारले होते, "हिचं करणार काय?" मी म्हटले होते, "डोंगरात नेणार." ते हसले. मी नेली.

कलम ४. हत्यारे सर्वच्या सर्व सुनेस मिळावीत. हवा भरायचा पंप आमच्या टायरवाल्या मित्रास द्यायचा माझा विचार होता. परंतु जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मिळकतीत काही घेता येत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. मी त्याला निवड करायला सांगितली. तो म्हणाला, "पंप माझ्याकडे तीन आहेत. सही करतो." दंतवैद्यांनीही तेच केले. पंचवीस वर्षांच्या सोबत्यांनी माझी एकही वस्तू घेण्याऐवजी माझ्या शब्दाखाली नाव लिहिणे पसंत केले, ही गोष्ट मी या मृत्युपत्रात मुद्दाम नमूद करत आहे.

हत्यारांमध्ये हवा मोजायचे एक पितळी मीटर आहे. त्याचा उपयोग समजल्याशिवाय ते घेऊ नये, म्हणून थोडक्यात सांगते. डांबरी रस्त्यावर टायरमध्ये भरपूर हवा लागते. डोंगरात मात्र ती कमी करावी लागते, कारण हवा कमी झाली की टायर बसतो, त्याचे जाड ठोकळे पसरतात आणि जमिनीला तळहातासारखे धरतात. कोरड्या मुरमावर पुढे चौदा पौंड आणि मागे बारा. ओल्या चिकणमातीत दोन्हींकडे एकेक पौंड कमी. मोठे दगड असतील तर मात्र दोन वाढवावेत, नाहीतर ट्यूब दगड आणि चाकाची धातूची कडा यांच्या कात्रीत सापडते. वाटेत आडवी आलेली ओली मुळे नेहमी काटकोनात ओलांडावीत आणि ओलांडताना ब्रेकला बोटही लावू नये. हे सर्व मी माणसे निघण्यापूर्वी दर वेळी सांगत आले आहे. दंतवैद्य म्हणतात की त्यांना ते आता भुलीखालीही आठवेल.

कलम ५. माझे धाकटे दीर, बँकेतून निवृत्त, यांस मी कलम सहाची एक साक्षांकित प्रत देते. गेली एकोणीस वर्षे, प्रत्येक कौटुंबिक जेवणात, पहिल्या घासाच्या आधी त्यांनी मला विचारले आहे, "काय वहिनी, या खेपेला तरी पुढे होता, की नेहमीसारख्या सगळ्यांत शेवटी?" मी कधीही उत्तर दिले नाही. उत्तराला चाळीस मिनिटे लागली असती आणि जेवण निवले असते. माझ्या पश्चात पहिल्या कौटुंबिक जेवणाआधी त्यांनी ती प्रत सर्वांसमोर स्वतः मोठ्याने वाचावी. उभे राहून वाचावी.

कलम ६. शेवटच्या जागेविषयी.

डोंगरात आम्ही चौघे जातो. सर्वांत पुढे दंतवैद्य असतात, कारण ते सर्वांत वेगवान आहेत आणि त्यांना दुसऱ्याची धूळ सोसत नाही. त्यांच्यामागे सून, मग टायरवाला आणि सर्वांत शेवटी मी. वाटेला फाटा फुटला की सर्वांत पुढच्याच्या लगेच मागे असलेला स्वार तिथे थांबतो आणि मागच्यांना दिशा दाखवतो. शेवटचा स्वार येऊन पोहोचेपर्यंत तो तिथून हलत नाही. तो आला की थांबलेला त्याच्या पुढे लागतो. पुढच्या फाट्यावर दुसरा थांबतो. एवढाच नियम आहे. या नियमाने कोणीही कोणाच्या नजरेत नसताना सर्वजण एकमेकांच्या हिशेबात राहतात.

ही सगळी व्यवस्था शेवटच्या स्वारावर उभी आहे. वाट पुढच्यांनी उकरून ठेवलेली असते, चिखलातल्या चाकोऱ्या दुप्पट खोल झालेल्या असतात, आणि धूळ तिघांची असते. जो पडेल त्याला तोच उचलतो. जादा ट्यूब, दोर, मलमपट्टी, पाणी त्याच्याच पाठीवर असते. आणि तो पडला, तर त्याच्यामागे येणारे कोणी नसते. म्हणून ही जागा सर्वांत सावकाश चालवणाऱ्याला देत नाहीत, दीरसाहेब. ज्याला घाई करता येते पण जो करत नाही, त्याला देतात.

मला ती माझ्या आधीच्या शेवटच्या स्वाराने दिली. तो दुधाची गाडी चालवत असे. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्याने पाठीवरची पिशवी माझ्याकडे दिली आणि म्हणाला, "बाई, पुढचा वाट शोधतो, मागचा माणसं मोजतो. तुम्हांला मोजता येतं." एकोणीस वर्षांत आमचे एकही माणूस डोंगरात मागे राहिलेले नाही. माझ्या नोकरीतल्या प्रशस्तिपत्रांपेक्षा मला या वाक्याचा अभिमान जास्त आहे.

मागे राहिले ते एकदाच, आणि ते माणूस मी होते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. त्या सकाळी मी तिघांच्या टायरची हवा मोजली, प्रत्येकाला कारणासह समजावली आणि स्वतःची मोजायची राहिली. आदल्या दिवशी डांबरी रस्त्यासाठी भरलेले सव्वीस पौंड तसेच होते. ओल्या उतारावर एका तिरक्या मुळावरून पुढचे चाक साबणासारखे सटकले. मोटारसायकल उताराच्या वरच्या अंगाला आणि मी खालच्या, माझा डावा पाय तिच्याखाली. मी इंजिन बंद केले. त्यापुढे करण्यासारखे काही उरले नव्हते. खालून वर एकशे दहा किलो उचलता येत नाहीत, हे मी वर्गात शिकवलेले आहे. ओरडून काही ऐकू जाणार नव्हते. मी दोन तास दहा मिनिटे तिथे होते.

त्या वेळात पुढे काय घडले ते मला नंतर तिघांनीही वेगवेगळे सांगितले, आणि तिन्ही हकिगती जुळल्या. सून माझ्या पुढच्या फाट्यावर उभी होती. टायरवाला त्याच्या पुढच्या. दंतवैद्य रस्त्यापर्यंत पोहोचले, मागे एकही इंजिन ऐकू येईना म्हणून परत फिरले, टायरवाल्याला भेटले. तिथे एका लाकूडतोड्याने सांगितले की खालच्या, नदीकडच्या वाटेने एक मोटारसायकल गेली. दोघांनाही पटले की मीच ती. ते सुनेकडे आले आणि तिला म्हणाले की सगळेच नदीवर जाऊ.

टायरवाला म्हणाला, "अगं, त्या खालून गेल्या असतील. चल."

सून म्हणाली, "काका, गेल्या असतील ते मला चालत नाही. मागचं माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी इथून हलणार नाही. डॉक्टर, तुम्ही नदीवर बघा. काका, तुम्ही मागे जा."

"आणि तू?"

"मी फाट्यावर आहे ना."

ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि अंदाजाने अहवाल देत नाही. टायरवाला कुरकुरत मागे वळला आणि दीड किलोमीटरवर त्याला मी सापडले. ती हलली असती, तर तिघेही नदीच्या दिशेने गेले असते. माझे नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले होते आणि पोटरी सायलेन्सरला भाजली होती. मोटारसायकल उचलताना टायरवाल्याने पुढचे चाक दाबून पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि हवा सोडली. त्याने ही गोष्ट आजवर कोणालाही सांगितलेली नाही. म्हणून मी इथे लिहीत आहे.

तर, ती शेवटची जागा मी माझ्या सुनेस देते.

वकीलबाईंचे म्हणणे असे की जी गोष्ट मालकीची नाही ती देता येत नाही. ते योग्य आहे. म्हणून मी आधी सोबत्यांची संमती मागितली. दंतवैद्यांनी तत्काळ दिली. टायरवाल्याने हरकत घेतली. "पन्नास किलोची पोर, बाई. एकशे दहा किलोचं धूड उतारावर उचलणार कशी?"

मी त्याला सांगितले की उचलणे हे ताकदीचे काम नसून तरफेचे आहे, आणि अंगणाच्या उतारावर माझी मोटारसायकल आडवी केली. सुनेने आधी ती जमिनीवरच फिरवून चाके उताराकडे केली. मग गिअर टाकला, म्हणजे ती घरंगळणार नाही. हँडल पूर्ण वळवले, वरच्या अंगाने सीटला पाठ टेकवली, गुडघे वाकवले आणि पायांनी जमीन रेटत मागे मागे सरकली. गाडी उभी राहिली. टायरवाला म्हणाला, "लागला असेल नेम." तिने स्वतःच गाडी पुन्हा आडवी केली आणि पुन्हा उचलली. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "पुरे. आता मलाच धाप लागली." ट्यूब बदलायला मात्र तिला अकरा मिनिटे लागतात, त्याला सहा, हा त्याचा मुद्दा कायम आहे आणि तो खरा आहे.

कलम ७. मोटारसायकलही सुनेस. इथे माझ्या मुलाचे म्हणणे प्रामाणिकपणे नोंदवणे माझे कर्तव्य आहे. माझ्या पायात सळई असताना, रुग्णालयाच्या पलंगाशी बसून, त्याने मला दोन गोष्टी मृत्युपत्रात घालायला सांगितल्या होत्या: मोटारसायकल विकावी आणि त्याच्या बायकोने डोंगरात जाणे थांबवावे. तो चिडलेला नव्हता. तो म्हणाला, "एकाच घरातल्या दोघी एकाच डोंगरात जाता, आई. उद्या फोन आला, तर तो मलाच येणार ना."

त्याच्या भीतीवर हसण्याचा अधिकार या कुटुंबात कोणालाही नाही, धाकट्या दिरांना तर मुळीच नाही. जोखीम किती असते हे माझ्याइतके त्याला माहीत आहे. तोही दोरखंड तुटण्याआधी तपासणाऱ्यांतला आहे. परंतु सुनेने थांबावे हे सांगण्याचा हक्क माझ्या मरणाला नाही. मी तिला विचारले. ती म्हणाली, "आई, मला जायचंय. पण त्याला घाबरवून नाही." म्हणून मी सहा व सात ही दोन कलमे लिहून मुलाच्या हाती दिली आणि सांगितले की तू नाही म्हणालास, तर कलम सहा मी फाडीन. मोटारसायकल देणे माझ्या हातात आहे. परंतु ज्या स्वाराच्या घरी रोज भांडण आहे, त्याला मागे ठेवता येत नाही, कारण त्याचे लक्ष माणसे मोजण्यात राहत नाही.

त्याने कागद आठ दिवस स्वतःकडे ठेवले.

कलम ८. हे कलम मुलाने सांगितले, मी फक्त उतरवून घेतले. तो म्हणाला, "तुमच्या नियमात एक त्रुटी आहे." माझ्या एकोणीस वर्षांच्या नियमात त्रुटी आहे, असे मला आजवर कोणी म्हटले नव्हते, म्हणून मी पेन हातात घेतले. "प्रत्येक फाट्यावर माणूस आहे. पण वाट जिथे डांबरी रस्त्याला मिळते, तिथे कोणीच नाही. तिथे जो तो आला की घरी निघतो. शेवटच्यासाठी कोण थांबतं?"

मी विचार केला. कोणीच थांबत नव्हते. मी शेवटची, रस्त्यावर पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा कोणी उरलेले नसे, आणि मला त्यात कधी काही वावगे वाटले नव्हते.

"तिथे मी गाडी घेऊन थांबणार," तो म्हणाला. "दर वेळी. ती दिसेपर्यंत हलणार नाही. हे लिही, आणि मग कलम सहा राहू दे."

लिहिले. हे कलम माझ्या मृत्यूची वाट न पाहता पुढच्या रविवारपासून अमलात यावे, आणि कलम सहाही त्याचबरोबर. त्या दिवशी मी दंतवैद्यांच्या मागे, दुसऱ्या क्रमांकावर असेन. सळई काढल्यावर डॉक्टरांनी हलक्या वाटेला परवानगी दिली आहे. माझ्या टायरची हवा सून मोजील.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष मी सही करत आहे. त्यांनी माझ्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिला, दंतवैद्य: (सही) बाईंनी माझ्यासमोर सही केली. हात स्थिर होता.

साक्षीदार दुसरा, टायरवाला: (सही) वाचले. समजले. अकरा मिनिटांचे बघू.

स्थळ: राहत्या घरामागील पत्र्याची खोली
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२४, रविवार, सकाळी साडेदहा

सही झाल्यावर नोंद: मुलगा साक्षीदार होऊ शकत नाही, म्हणून तो बाहेर उभा होता. आता तो कोणती डोंगरवाट डांबरी रस्त्याला कुठे मिळते ते टायरवाल्याकडून कागदावर काढून घेत आहे.