पुलगावचे स्थळ

मी, सुलोचना नत्थूजी भोयर, वय एकसष्ट, अविवाहित, धंदा साड्यांची विक्री, राहणार पिपरी मेघे, जिल्हा वर्धा, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्याच अकलेने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. पोलिओने माझे दोन्ही पाय लहानपणीच नेले. जीभ मात्र शाबूत आहे, हे उभ्या तालुक्याला ठाऊक आहे.

१. माझी तीनचाकी स्कूटर भावाचा मुलगा नीलेश याला द्यावी. त्याने ती विकू नये. विकणारच, पण लिहून ठेवते.

२. कापडाचे व्यापारी बापूराव यांना माझ्या जुन्या कुबड्या द्याव्यात. विशीत मी त्यांच्याकडे काम मागायला गेले, तेव्हा ते भरल्या दुकानात म्हणाले, "उभं राह्यता येत नाई तं साडी दाखवशीन कशी?" आता त्यांचे गुडघे गेले आहेत आणि दुकानाला सात पायऱ्या आहेत.

३. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता, हे इथे कबूल करते. साडी अंगावर घेऊन दाखवल्याशिवाय बाई हात बटव्याकडे नेत नाही. म्हणून मी हाताने चालवायच्या सायकलवर गठ्ठे बांधले आणि धाकटी बहीण नलू हिला सोबत घेतले. केळझरपर्यंत गावोगाव हिंडलो. मी बोलायची, नलू पदर खांद्यावर टाकून उभी राहायची. साडी माझ्या बोलण्यावर खपायची, आणि बाया जाताना म्हणायच्या, "नलूले काय शोभते वं!" पुढे दुकान झाले, पाटीवर माझे नाव आले, तरी गिऱ्हाईक दारातून विचारायचे, "नलू हाय का?" एकदा ती तापाने पडली होती. मी बसल्या बसल्या जांभळी साडी स्वतःच्या खांद्यावर घेतली. बाई म्हणाली, "राहू द्या, नलू आल्यावर पाह्यतो." त्या दिवसापासून मी तिच्यावर जळते. सख्खी बहीण आहे, माझे सगळे तीच करते, तरी जळते.

४. सन १९९५ मध्ये नलूला पुलगावचे स्थळ आले. मुलगा प्रेमदास, तिथल्या लष्करी डेपोत नोकरीला. मुलगी पाहून गेल्यावर आठ दिवसांनी त्याचे काका दुकानात आले. नलू केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेली होती. काका म्हणाले, "पोरगी पसंत हाय, तारीख काढा." मी म्हणाले, "नलूच्या मनात नाई." नलू प्रसाद घेऊन परतली, तेव्हा तिला सांगितले, "त्यायनं नाई म्हटलं वं." तिने प्रसाद माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाली, "जाऊ दे ताई, तुले एकटीले झेपलं नसतं." दुसऱ्या दिवशी तिने नेहमीसारख्या साड्या दाखवल्या. नंतर आलेल्या स्थळांना तिनेच नकार दिला.

५. दुकान, राहते घर आणि बँकेतील ठेव नलूला मिळावी. याने भरपाई होत नाही, हे मला कळते.

६. प्रेमदासची बायको तीन वर्षांपूर्वी वारली. गेल्या दिवाळीत तो मुलीसाठी साडी घ्यायला आला. नलूने त्याला सात साड्या दाखवल्या, त्याला सातही आवडल्या. मी दर चढा सांगितला, त्याने हूं की चूं केले नाही. नलू संध्याकाळपर्यंत गुणगुणत होती. त्याचा पत्ता सोबतच्या पाकिटात आहे. कलम चार वाचून झाल्यावर तो तिच्या हाती द्यावा.

७. पहिले साक्षीदार, निवृत्त शिक्षक मधुकरराव, यांनी वरची सहा कलमे वाचून पेन खाली ठेवले. म्हणाले, "ताई, हे तुम्ही जितेपणी काऊन नाई सांगत?"

मी म्हणाले, "सांगतलं तं नलू जाईन ना."

"मंग जाऊ द्या तिले! पंचावन्नची झाली ते."

मी पेन पुन्हा त्यांच्या हाती दिले. सही करताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. लखोटा सीलबंद करून त्यांच्याकडेच ठेवायचा आहे. माझ्या तेराव्याआधी तो उघडू नये.

८. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तपासून ते म्हणाले, "बाई, हृदय ठणठणीत हाय. तुम्ही नव्वदी गाठता." नलू माझी खुर्ची धरून मागे उभी होती. तिला इतका आनंद झाला की तिने पेढे वाटले.

सही: सुलोचना नत्थूजी भोयर

साक्षीदार: १. मधुकरराव ढगे २. रुख्माबाई कांबळे, शेजारीण (न वाचता सही केली)

ठिकाण: पिपरी मेघे
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५