कसुबीच्या टेकडीवर ग्रेसची आत्या

३ जानेवारी, कोल्हापूर
सागरचा फोन. साखर कारखान्याच्या नोकरीसाठी युगांडात गेलेलं आमचं पोरगं, आता तिथलीच पोरगी करतंय. ग्रेस. नर्स आहे. फोटोत हसरी वाटली. पण तिच्या आत्याच्या होकाराशिवाय लग्न होत नाही म्हणे, आणि आत्याला मला बघायचंय. म्हणजे पोराच्या आईला दाखवायचा कार्यक्रम! आमचे हे पोट धरून हसले. "तू जा की. माझी म्हसरं कोण बघणार?"

११ जानेवारी, कंपाला
पोचले. टेकड्याच टेकड्या. केळी कच्चीच शिजवून ठेचतात. दोनदा घेतलं. ग्रेस मला 'मामा' म्हणाली. बिचारी चुकली वाटलं. सागर म्हणतो, इकडं आईला मामा. माझ्या भावाला कळलं तर...

१३ जानेवारी
आज कसुबीची टेकडी. बुगांडा म्हणजे इथलं जुनं राज्य, त्याच्या चार राजांच्या समाध्या, एकाच भल्यामोठ्या गवती घरात. चपला बाहेर. आत झाडाच्या सालीचा तांबूस पडदा, त्यापलीकडं आपण जायचं नाही. समाध्यांची सेवा बायकांकडं. आत्या त्यातलीच. चटईवर पाय एका बाजूला घेऊन बसले, गुडघा कट्‌कन वाजला. सगळ्यांनी ऐकलं.

आत्या तिच्या भाषेत, ग्रेस इंग्रजीत, सागर मराठीत. असं बोलणं.

आत्यानं विचारलं, "तुमचे राजे कुठं पुरलेत?"

म्हटलं, "पुरत न्हाईत. दहन करतात. नदीकाठाला समाध्या हायत."

सागर हळूच, "आई, हे सांगू?"

"सांग की! खोटं बोलून सोयरीक जोडायची व्हय?"

आत्याचा चेहराच उतरला. राजाला जाळलं? त्यात हीच जागा एकदा आगीत गेलेली, पुन्हा उभी केली. मला काय ठाऊक! ग्रेस खाली मान घालून. झालं, मोडलं म्हटलं.

मग आत्या सावकाश म्हणाली, "आमचे राजे मरत नाहीत. पडद्यामागच्या अरण्यात जातात."

"आमचे तरी कुठं मरतात? कैलासवासी होतात. कैलास म्हणजे डोंगर."

दोन भाषा ओलांडून पोचायला वेळ लागला. मग मांडीवर थाप मारून हसली. "तुमचे डोंगरात, आमचे अरण्यात!" बाकीच्या बायकाही हसल्या. मला उठवेना, तिनंच दोन्ही हात धरून ओढलं. निघताना पडद्याला नमस्कार केला, डोळे का भरले कुणास ठाऊक.

होकार मात्र दिला नाही. विचारायचं धाडसही...

२ फेब्रुवारी, कोल्हापूर
ग्रेसचा फोन. आत्या म्हणते, घर बघितल्याशिवाय पोरगी कशी द्यायची? मे महिन्यात येतेय. नदीकाठच्या समाध्याही बघणार. ह्यांनी आजच गोठ्याला चुना काढला. मे लांब आहे म्हटलं तरी ऐकेनात.

५ फेब्रुवारी
पंचगंगेवर गेले. तीस वर्षं त्या वाटेनं येते-जाते, समाध्यांपाशी थांबले नव्हते कधी. आत्यानं विचारलं तर? कुणाची कुठली, राखणदाराला विचारून लिहून घेत होते. तो म्हणाला, "पावणं कुठलं?"

"हितलीच हाय की," म्हटलं. जरा लाजच वाटली. अजून निम्म्या राहिल्यात. उद्या परत जायचं.